पाठमुद्रा

तृप्ती इंगोलेचा पाठ संपला तेव्हा समोरच्या बारा मुलांपैकी चौघं जांभया देत होती आणि एक जण भिंतीवरच्या पालीकडे टक लावून बसला होता. पाठ फसला हे उघडच होतं. तरी तिनं आशेनं टॅबकडे पाहिलं. पडद्यावर आकडा उमटला होता : त्रेचाळीस.

"साठच्या खाली म्हणजे बाद," ती म्हणाली.

"आकडा नको पाहू वं," ललिता म्हणाली. "तू पोरायकडे पाहतच नव्हती. पाठ कवा संपते, तेच पाहून राहिली होती."

ललितानं तिच्या कपाळावरची पट्टी सोडवली, स्वतःच्या कपाळाला बांधली आणि तोच पाठ घ्यायला उभी राहिली. एक चतुर्थांश हा एक तृतीयांशाहून लहान का? तिनं सुतळीचे दोन सारखे तुकडे घेतले, एकाच्या तीन आणि दुसऱ्याच्या चार सारख्या घड्या केल्या आणि विचारलं, "कोणाचा भाग मोठा?"

"चाराचा!" एक मुलगी ओरडली. "तिनापेक्षा चार मोठा असते!"

ललितानं चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. ती थांबली. इतका वेळ थांबली की मागे बसलेल्या तृप्तीचाच जीव वरखाली झाला. ललिता हातातल्या सुतळीकडे अशी बघत होती, जसं काही तिलाही उत्तर ठाऊक नाही. एकेक करत मुलं पुढे सरकली. पालीकडे बघणारा पोरगाही सरकला. आणि मग तीच मुलगी हळूच म्हणाली, "बाई… जास्त जणांत वाटलं तं कमीच येईन नं?"

आकडा आला, चौऱ्याऐंशी.

अमरावतीच्या त्या वस्तीतल्या समाजमंदिरात ललिता आडे रोज सकाळी मुलांना फुकट शिकवायची. तृप्ती आणि ती जवळच एका खोलीत भाड्यानं राहत होत्या. दोघी डी.एड., दोघींची पस्तिशी उलटलेली, दोघींनी तासिका तत्त्वावर आज या शाळेत तर उद्या त्या शाळेत अशी बारा-तेरा वर्षं काढलेली. वयोमर्यादा पाहता कायम शिक्षिका होण्याची ही त्यांची शेवटचीच भरती होती. लेखी परीक्षा दोघी पास झाल्या होत्या. तृप्ती जिल्ह्यात अकरावी आली होती, आणि ललिता काठावर का होईना पण निघाली ती तृप्तीनं सहा महिने तिच्याकडून बालमानसशास्त्र घोटून घेतलं म्हणून. आता पाठ-चाचणी तेवढी उरली होती.

या चाचणीमागचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. शिक्षकाच्या आणि मुलांच्या कपाळाला एक पट्टी बांधत. पट्टीतून अवरक्त प्रकाशाचे बारीक किरण आत जात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायू भरलेलं रक्त धावतं आणि परत येणारा प्रकाश किंचित बदलतो, त्यावरून मेंदूच्या कामातले चढउतार टिपता येतात. एक माणूस बोलत असतो आणि दुसऱ्याला ते खरोखर समजत असतं, तेव्हा दोघांचे हे चढउतार एकमेकांशी जुळू लागतात. ऐकणारा नुसतीच मान डोलावत असेल तर जुळत नाहीत. शंभरपैकी किती जुळले, तो शिक्षकाचा आकडा. सरावासाठी तृप्ती शिकवणी वर्गातून पट्ट्या आणायची; त्यांच्या टॅबवर नुसता आकडा दिसायचा, काही जपून राहायचं नाही.

हजारो पाठ असे मोजल्यावर संशोधकांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. चांगल्या शिक्षकाची एक लय असते. कुठे थांबायचं, आवाज कुठे उतरवायचा, प्रश्न टाकल्यावर नजर कोणावर किती वेळ ठेवायची, याची ती लय. विषय बदलला, मुलं बदलली, तरी ती बदलत नाही. हस्ताक्षर जसं ज्याचं त्याचं, तशी ही. तिला पाठमुद्रा म्हणू लागले.

आणि हस्ताक्षर म्हटलं की नक्कल आलीच.

"मुद्रा शिकता येते, मॅडम," शिकवणी वर्गाचे तायडे सर तृप्तीला म्हणाले होते. त्यांनी कपाटातून एक सरावपट्टी काढून टेबलावर ठेवली. मुळात तोतरेपणाच्या उपचारासाठी निघालेलं हे उपकरण. ज्याची मुद्रा हवी त्यानं ते लावून शिकवलं की ती त्यात नोंदली जाते; मग आपण कानामागे चिकटवायचं, त्याच्या लयीत ते बारीक ठोके देतं. इथे थांब, आता बोल, आता मान वर कर. रोज तीन तास याप्रमाणे दोन महिने. मग ठोके बंद केले तरी मेंदू ती चाल सोडत नाही.

"पण नामवंत शिक्षकांच्या मुद्रा सरकारी भांडारात नोंदवलेल्या आहेत," तायडे सर पुढे म्हणाले. "मागच्या भरतीत माझे सात उमेदवार तिथंच अडकले. नोंद नसलेली एखादी मुद्रा मिळाली पाहिजे. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, तर…"

त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. पुढचं तृप्तीला कळलं होतं.

"तुझे पाठ एकदा नीट नोंदवून बघू," खोलीवर आल्यावर ती ललिताला म्हणाली. "तुझ्या कमकुवत जागा तरी कळतील."

ललिता हसली. "माह्यात त्याच जास्त सापडतीन." पण तीन सकाळी तिनं न कुरकुरता कानामागे ते उपकरण बाळगलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "पुसून टाक बरं आता ते. स्वतःचा आवाज ऐकला की मले कसंतरीच होते."

"टाकलं," तृप्ती म्हणाली.

ललिता दुपारी एका शाळेत तासिकांना जायची. तिची चप्पल जिन्यावरून वाजत खाली गेली की तृप्ती पट्टी चिकटवायची आणि रिकाम्या भिंतीला शिकवायला लागायची. पहिले पंधरा दिवस ती भलत्याच शब्दावर अडायची, डोकं ठणकायचं. सहाव्या आठवड्यात एकदा बाजारात तिनं कोथिंबिरीचा भाव विचारला आणि नकळत नुसतीच बघत थांबली. भाजीवाली भाव सांगून थांबली नाही, पाऊस कमी झाल्याचं, सुनेच्या बाळंतपणाचं, सगळं सांगत सुटली. जुडी हातात घेऊन परतताना तृप्तीच्या लक्षात आलं की आपल्या कानामागे आत्ता काहीच नव्हतं.

एक्कावन्न. चौसष्ट. सत्त्याहत्तर. समाजमंदिरातला आकडा चढत गेला. सत्त्याहत्तर आला त्या दिवशी ललितानं आनंदानं रोडगे आणि वांग्याची भाजी केली.

"मी म्हणत नव्हती, तुले जमते म्हणून? पोरायकडे पाहायला लागली तू!" ती ताटात तूप सोडत म्हणाली.

सांगून टाकावं असं तृप्तीच्या ओठापर्यंत आलं होतं. तेवढ्यात ललितानं आणखी एक रोडगा वाढला आणि ती वेळ निघून गेली.

पाठ-चाचणीचं वेळापत्रक लागलं. ललिताची चाचणी मंगळवारी, तृप्तीची गुरुवारी. तृप्तीनं नियमावली उघडली. नियम चौदावा : चाचणी दिलेल्या प्रत्येक उमेदवाराची मुद्रा त्याच दिवशी भांडारात जमा होईल, आणि नंतरच्या कोणाची मुद्रा तिच्याशी प्रमाणाबाहेर जुळल्यास ती अनुकृत समजली जाईल. तिनं तो तीनदा वाचला. जो आधी जाईल तो मूळ. जो नंतर जाईल तो नकलाकार.

दोन उमेदवारांना आपसांत वेळ बदलता येत होती.

"ललिते," ती म्हणाली, "गुरुवारी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. कारंज्याला जावं लागेल."

"मंग घे नं माहा मंगळवार. त्यात इतकं तोंड कायले पाडते?"

बाबांचं ऑपरेशन मागच्याच महिन्यात झालं होतं; ललिताला ते तिनं सांगितलं नव्हतं. तृप्तीनं स्वतःला समजावलं की दोन महिन्यांच्या सरावानं काही कोणी हुबेहूब होत नाही, थोडाफार फरक उरतोच, दोघीही निघू. हे तिनं स्वतःला इतक्यांदा सांगितलं की त्यावर आपला विश्वास नाही हे तिला लपवताच येईना.

मंगळवारी चिठ्ठी निघाली : सावली लहान-मोठी का होते. अनोळखी बारा मुलं. तृप्तीनं प्रश्न टाकला आणि ती थांबली. मुलं एकेक करून पुढे सरकली. तिच्या आयुष्यात हे कधी घडलं नव्हतं. त्या पंचवीस मिनिटांत ती खरोखर सुखी होती, आणि नंतर कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. आकडा आला एक्क्याऐंशी.

गुरुवारी खोटं निभवायला तृप्ती कारंज्याला गेली होती; पाठ देऊन ललितानं नाचतच फोन केला. शहाऐंशी! रविवारी यादी लागली. तृप्तीचं नाव निवडीत होतं. ललिताच्या नावापुढे लिहिलं होतं : अपात्र. कारण, अनुकृत पाठमुद्रा. पाच वर्षे बंदी.

पाच वर्षांनी ललिता चाळीस पार करणार होती.

ती ओरडली नाही, रडली नाही. पलंगाच्या कडेवर बसून तिनं विचारलं, "अनुकृत म्हणजे नक्कलच नं?"

"हं."

"कोणाची?"

"ते गुप्त असतं. सांगत नाहीत."

ललितानं आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "आमच्या तांड्यावर पवार गुरुजी होते. तेही असेच थांबत होते. मी तिसरीत असताना त्यायचं पाहूनच… त्यायचीच नक्कल केली असन मी. माह्या ध्यानातच नाही आलं इतक्या वर्षांत."

"असं नसतं गं काही," तृप्ती म्हणाली.

"मशीन खोटं कायले बोलीन?"

अपिलाला एकवीस दिवसांची मुदत होती. ललितानं कोरे कागद आणून तृप्तीपुढे ठेवले. "तूच लिही. मले तुह्यासारखं लिहिता येत नाही."

तृप्तीनं लिहिलं, आणि फार चांगलं लिहिलं. तांड्यावरची मुलगी, तेरा वर्षांचं तासिकांवरचं काम, समाजमंदिरातली मुलं. शेवटच्या रकान्यापाशी पेन अडलं. मूळ मुद्रेचा चाचणीपूर्वीचा दिनांकित पुरावा असल्यास जोडावा.

"असा पुरावा कुठून आणू मी?" ललिता म्हणाली. मग तिचे डोळे क्षणभर चमकले. "आपण ते नोंदवलं होतं नं! पण तू पुसलं, नाही का?"

तृप्तीच्या पिशवीत, कंगव्याच्या खाली, ती नोंद होती. तीन सकाळी, तारखांसकट.

"पुसलं," ती म्हणाली.

नेमणुकीच्या गावी, धामणदरीच्या शाळेत, तृप्ती रुजू झाली तेव्हा बाबांनी कारंज्याच्या आपल्या शिंपीकामाच्या दुकानात आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली होती की आमची तृप्ती आता कायमची बाई झाली. शाळा चौथीपर्यंतची, मुलं एकोणीस. ती थांबली की मुलं पुढे सरकायची. वैष्णवी नावाची तिसरीतली एक चिमुरडी तर तिचं बोट सोडायची नाही. तृप्ती फळ्याकडे तोंड करून उभी राहायची, कारण मुलांकडे पाहिलं की तिला ललिताच दिसायची. असे नऊ दिवस गेले.

नवव्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर ती अमरावतीला आली. समाजमंदिराला कुलूप होतं. खोलीचं दार उघडं होतं, आत ललिता शेजारच्या मुलीला भागाकार समजावत होती. तृप्ती उंबऱ्यातच उभी राहिली. ललिता भराभर बोलत होती, एका दमात, कुठेही न अडता, नजर वहीवर खिळवून. मुलगी गोंधळून नुसती हो-हो करत होती. थोड्या वेळानं वही मिटून ती निघून गेली.

"इतकी घाई का करत होतीस?" तृप्तीनं विचारलं.

"सवय मोडून राहिली." ललितानं ओशाळून पदरानं तोंड पुसलं. "थांबलं की वाटते, कोणाचं तरी चोरून राहिली मी. वर्गही बंद केला. आपलं नाही ते पोरायले कशाला द्या?"

तृप्तीनं हातातली पिशवी खाली ठेवली. आता न बोलणं तिला शक्यच नव्हतं.

"ललिते…" ती म्हणाली, आणि थांबली. "ते मी पुसलं नव्हतं."

"काय?"

"तुझे पाठ. दोन महिने तेच कानामागे लावून मी सराव केला. तू नक्कल केली नाहीस. माझी मुद्रा तुझी आहे."

ललिता पुढे सरकली. तिनं पहिल्यांदा विचारलं ते भलतंच.

"म्हणजे ते माहंच होतं?"

"तुझंच."

"पवार गुरुजीचं नाही?"

"नाही गं. त्यांची मुद्रा वेगळी असणार. तुझी तुझीच आहे."

ललितानं डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. एवढ्या दिवसांत तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मग बाकीचं तिच्यापर्यंत पोचलं. तिनं डोळे उघडले.

"मंगळवार," ती म्हणाली. "बाबांचं ऑपरेशन?"

"आधीच झालं होतं."

"म्हणजे तुले माहीत होतं, मी पकडल्या जाईन म्हणून."

"हो."

"आणि अर्ज लिहिताना मी विचारलं तवाही…"

"हो." तृप्तीनं आवाज उतरवला. "ललिते, मी… माझं चुकलं. मला माफ…"

"थांब!" ललितानं हात वर केला. ती उठून उभी राहिली होती. "आत्ता 'ललिते' म्हणून तू थांबली नं, तिथं मी थांबते. आवाज उतरवला नं, तसा मी उतरवते. माह्याच चालीनं माह्यापाशी माफी मागून राहिली तू? एक शब्द बोलू नको. जे सांगायचं ते कागदावर लिही. लिहिणं तरी तुहं हाय."

तृप्तीनं कागद ओढला. तिनं सगळं लिहिलं : तायडे सर, तीन सकाळी, नियम चौदावा, मंगळवार, पुसल्याचं दोनदा सांगितलेलं खोटं. खाली सही केली आणि कागदावर ते उपकरण ठेवलं. ललितानं दोन्ही उचललं, चप्पल घातली आणि ती एकटीच निघाली. तृप्ती सोबत जायला उठली तेव्हा तिनं मागे न बघता नुसती मान हलवली.

सुनावणी पुढच्या आठवड्यात झाली. अधिकारी लोणकर मॅडमनी तिन्ही नोंदी तपासून घेतल्या, तृप्तीचा कबुलीजबाब मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "हे तुम्ही कोणाच्या दबावाखाली लिहिलंत?"

तृप्तीनं मान हलवून नाही म्हटलं. तोंडी उत्तर द्या, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा तिनं पुढे होऊन त्याच कागदाखाली लिहिलं, 'कोणाच्याही नाही.' शेजारच्या खुर्चीवर ललिता होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

निकाल त्याच दिवशी लागला. ललिता पात्र. तृप्तीची नेमणूक रद्द, यापुढे कुठल्याही भरतीत बसायला मनाई. कागद आवरताना लोणकर मॅडम जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "तुमचे एक्क्याऐंशी काही खोटे नव्हते, इंगोले. मुलांना समजलं होतं. म्हणून तर वाईट वाटतं." जिन्यात ललिता तृप्तीच्या पुढे होती. ती भराभर खाली उतरली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

तृप्ती कारंज्याला बाबांच्या दुकानात काज-बटणं करायला बसू लागली. बाबांनी एकदाच विचारलं, तिनं सगळं सांगितलं. त्यानंतर ते गिऱ्हाइकांशी फक्त कपड्यांबद्दल बोलू लागले. ती स्वतः होता होईल तो कमी बोलायची. बोलली की ते थांबणं येई, आणि समोरचा माणूस विश्वासानं तिच्याकडे झुके. तिनं ती चाल मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण शिकवण्याची तशी विसरण्याची पट्टी कोणी अजून काढली नव्हती.

महिन्याभरानं एका दुपारी फोन वाजला. पडद्यावर ललिताचं नाव होतं. तृप्तीनं सुई कापडात टोचून ठेवली आणि फोन कानाला लावला.

"मले धामणदरी मिळाली," ललिता म्हणाली. ना नमस्कार ना काही. "तुही जागा."

मागे मुलांचा कालवा ऐकू येत होता.

"आज पहिला पाठ घेतला. पोरं चांगली हायत. पाठ झाल्यावर एक पोरगी जवळ आली. वैष्णवी. बोट धरलं माहं, अन् म्हणते, 'बाई, तुम्ही अगदी पहिल्या बाईंसारखं शिकवता.'"

तृप्ती फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर आली.

"आता तूच सांग," ललिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी काय सांगू तिले?"

आणि ती थांबली.

तृप्तीला ते थांबणं आतून, अगदी ठोक्याठोक्यानिशी ठाऊक होतं. पुढे कोणीतरी सरकून उत्तर द्यावं म्हणून ते असतं. तिनं तोंड उघडलं. तिकडे शाळेची घंटा झाली, मुलं आरडाओरडा करत बाहेर पळाली, कोणीतरी "बाई, चला नं" म्हणालं. बराच वेळ वाट बघून ललितानं फोन ठेवला.